आधी लहरीला आत येऊ द्या

पावसाळ्यात पहूरला हमखास घडणारी गोष्ट. सामना रंगात आलेला, अजिंठ्याच्या डोंगराकडून ढग उतरतात, पत्र्यावर सरी वाजू लागतात आणि टीव्हीवर निळी पाटी येते: सिग्नल नाही. मग कोणीतरी छपरावर चढून टीव्हीची छत्री हलवतो. ती वाऱ्याने फिरली असा सगळ्यांचा समज. दहातल्या नऊ वेळा छत्री जागच्या जागीच असते. उपग्रहाकडून येणारी लहर साधारण 36 हजार किलोमीटर बिनबोभाट येते आणि शेवटच्या चार-पाच किलोमीटरांत मार खाते, कारण तिथे पाऊस असतो. छत्रीवर येणारी ही लहर 11-12 गिगाहर्ट्झची, म्हणजे सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची. पावसाचे थेंब तिचा काही भाग गिळतात, काही भलतीकडे उडवतात. पाऊस थांबला की चित्र परत. छपरावर चढलेल्याला मात्र वाटतं, आपल्या हाताला गुण आहे.

अशा सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह) गिळणारं सगळ्यात साधं द्रव्य म्हणजे पाणी. म्हणूनच केळीच्या बागेत मोबाइलची रेंज अडखळते. केळीचा खांब हा बहुतांशी पाणीच. निसर्गाकडे पाहून सूक्ष्मलहरी शोषणारे पदार्थ घडवण्याचं काम सध्या जगभर जोरात आहे. त्यात वाळलेल्या गिलक्याची जाळी आहे, कापूस आहे, अक्रोडाची टरफलं आहेत, पतंगाचा डोळाही आहे. बातम्यांमधून हा विषय गावापर्यंत येतो तेव्हा त्याच्याबरोबर गैरसमजांचं गाठोडंही येतं.

"लहर अडवायची तर पत्रा लावा"

सगळ्यात मोठा गोंधळ हाच. पत्रा लहर शोषत नाही, परत फेकतो. घरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनच्या दारात बारीक छिद्रांची धातूची जाळी असते. तिथे 12 सेंटिमीटरची लहर त्या छिद्रांतून बाहेर पडू शकत नाही, आतच आपटत राहते. हे अडवणं झालं. शोषणं म्हणजे लहर आत घेऊन तिची अगदी थोडी उष्णता करून टाकणं.

जिनिंगवाल्यांना हे लवकर कळेल. रिकाम्या गोदामात हाक मारा, चारही भिंती उत्तर देतात. तेच गोदाम मोकळ्या रुईने भरा, आवाज जिथल्या तिथे विरतो. आता ती रुई दाबून टणक गाठी बांधल्या तर? कापूस तोच, वजन तेच, पण आवाज पुन्हा उलटायला लागतो. मोकळ्या रुईत आवाजाला शिरायला वाट होती, गाठीने ती बंद केली.

सूक्ष्मलहरींचंही तसंच. मोकळ्या जागेचा लहरीला होणारा अवरोध सुमारे 377 ओहम धरतात, धातूचा जवळजवळ शून्य. इतका मोठा फरक एका रेषेवर आला की लहर उंबऱ्यावरूनच माघारी फिरते. म्हणून चांगल्या शोषकाची पहिली परीक्षा तो किती गिळतो ही नसतेच. तो लहरीला घरात येऊ देतो का, ही असते.

"कोळसा जितका जास्त तितकं शोषण जास्त"

वरचं पटलं तर हा समज आपोआप सुटतो. कार्बन वीज वाहून नेतो. तो माफक असेल तर लहरीचं विद्युतक्षेत्र त्यात छोटे प्रवाह उठवतं आणि त्या प्रवाहांची घासून उष्णता होते. कार्बन ठासून भरला की तोच पदार्थ धातूसारखा वागतो आणि लहर उलटवतो. वनस्पतीजन्य पदार्थ हवा लागू न देता भाजताना हेच सांभाळावं लागतं. कमी भाजलं तर त्यातून वीज वाहत नाही, लहर नुसती आरपार जाते. फार भाजलं तर ग्रॅफाइटकडे झुकतं आणि आरसा बनतं. मधली आच साधायची. भाकरी भाजणाऱ्या बाईला हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही, फक्त इथे आच कित्येक शे अंशांची.

गिलक्याची जाळी इथे कामाला येते. वाळलेल्या गिलक्याने भांडी घासणाऱ्यांना तिचा पोकळपणा ठाऊक आहे: धागा थोडा, हवा जास्त. ती भाजली तर आकार बऱ्याच अंशी टिकतो आणि धाग्याचा कार्बन होतो. हवेमुळे उंबरा उतरता राहतो, कार्बन गिळायचं काम करतो, आणि आत शिरलेली लहर धाग्याधाग्यावर आपटत फिरते. केळीच्या खांबाचा आडवा काप कधी पाहिला असेल तर त्यातल्या चौकोनी हवेच्या कप्प्यांची ओळ आठवा. तेही असंच जाळीकाम.

"रडारला फुलपाखरू दिसत नाही, त्याची नक्कल केली की झालं"

हे वाक्य ऐकायला छान आहे, पण मापात चुकतं. रात्री उडणाऱ्या पाखरांच्या, म्हणजे पतंगांच्या, डोळ्यावर सुमारे 200 नॅनोमीटर उंचीचे उंचवटे असतात. 1962 च्या सुमारास बर्नहार्ड आणि मिलर या संशोधकांनी ते मांडले. उंचवटा टोकाशी निमुळता, तळाशी रुंद, त्यामुळे प्रकाशाला हवेतून डोळ्यात शिरताना एकदम पायरी लागत नाही, उतार लागतो. डोळा चमकत नाही. पण हे प्रकाशासाठी, ज्याची लांबी सुमारे 500 नॅनोमीटर. दहा गिगाहर्ट्झच्या रडारची लहर तीन सेंटिमीटरची, म्हणजे साठ हजार पट मोठी. पाखराचा डोळा तसाच उचलून जहाजाला चिकटवला तर रडारला तो गुळगुळीत भिंतच वाटेल. घ्यायची ती युक्ती, मोठी करून.

ती मोठी केलेली दिसते कशी? वाहनांमधल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या चाचण्या होतात अशा पुण्याच्या एआरएआयसारख्या ठिकाणी लहरीचा प्रतिध्वनी न येणारी दालनं असतात. भिंतीवर कार्बन भरलेल्या फोमचे टोकदार सुळके रांगेने उभे. टोकाशी जवळजवळ सगळी हवा, खाली उतरावं तसा फोम दाट. इथे एक भर घालतो: असे सुळके पाखराच्या डोळ्याचा अभ्यास होण्याआधीपासून वापरात आहेत. निसर्ग आणि माणूस एकाच उत्तरावर वेगवेगळ्या वाटेने आले. प्रत्येक गोष्ट कीटकाकडून शिकली म्हणायची हौस हल्ली जरा वाढली आहे.

खरोखर निसर्गाकडे पाहून सूक्ष्मलहरींची रचना केली ती जगदीशचंद्र बोसांनी, आणि तीही 1898 मध्ये. साखरेच्या द्रावणातून जाताना प्रकाशाचं ध्रुवीकरण का वळतं, हे समजून घ्यायला त्यांनी तागाचे धागे पिळून जुड्या केल्या आणि त्यांतून मिलिमीटर-सेंटिमीटरच्या लहरी पाठवल्या. पीळ उजवा तर लहर एका बाजूला वळली, डावा तर दुसऱ्या. साखरेचा रेणू दिसत नव्हता, तर त्याची मोठी प्रतिकृती तागात केली. आजच्या सर्पिल रचनांच्या शोषकांना हा ताग आजोबा लागतो.

"शोषक रंग दिला की विमान गायब"

रडारपासून लपण्यात मोठा वाटा आकाराचा असतो. मुंबईच्या माझगाव डॉकमध्ये बांधलेली आणि 2010 मध्ये नौदलात आलेली युद्धनौका आयएनएस शिवालिक पाहा. तिच्या बाजू तिरप्या, कडा लपवलेल्या, म्हणजे लहर आली तरी आली तिकडे परत जाऊ नये. शोषक थर उरलेल्या जागा सांभाळतो. नोव्हेंबर 2024 मध्ये आयआयटी कानपूरने 'अनालक्ष्य' नावाचं आवरण पुढे आणलं. तेही सूक्ष्मलहर-शोषक, आणि कापडावर आधारलेलं. पण गायब होणं आणि कमी दिसणं यात अंतर आहे.

आकडे वाचतानाही फसगत होते. उणे 10 डेसिबल म्हणजे नव्वद टक्के शक्ती शोषली, उणे 20 म्हणजे नव्व्याण्णव. शोधनिबंधात उणे 60 दिसलं की मथळा होतो, पण ती खोल दरी बहुतेकदा एकाच कंप्रतेवर आणि एकाच जाडीला असते. कामाचा प्रश्न पट्टा किती रुंद हा. इथे निसर्गालाही सूट नाही. 2000 मध्ये रोझानोव्ह या संशोधकाने जाडीची तळाची मर्यादा दाखवली. धातूवर बसवलेल्या चुंबकीय नसलेल्या थराने 2 ते 18 गिगाहर्ट्झ सगळीकडे नव्वद टक्के शोषावं असं वाटत असेल, तर तो जवळपास पाऊण सेंटिमीटर हवाच. कागदाइतका पातळ आणि सगळं गिळणारा रंग कोणी विकत असेल तर पैसे खिशातच ठेवा.

"चिप मोबाइलला चिकटवली की किरणं शोषते"

ऑक्टोबर 2020 मध्ये राष्ट्रीय कामधेनु आयोगाच्या अध्यक्षांनी शेणाची चिप दाखवली होती, मोबाइलचं उत्सर्जन घटवणारी म्हणून. शेकडो वैज्ञानिकांनी पुरावा मागितला. ओलं शेण सूक्ष्मलहरी शोषतं, पण ते त्यातल्या पाण्यामुळे. गोवरीसारखं वाळलं की बरीचशी लहर सरळ आरपार जाते. समजा चिपने खरंच अडवलं, तर टॉवरशी संपर्क तुटू नये म्हणून फोन स्वतःची शक्ती वाढवतो. महागडे परदेशी स्टिकरही याच माळेचे मणी. टॉवरची भीती असेल तर एवढं ठाऊक असावं की भारताने 1 सप्टेंबर 2012 पासून उत्सर्जनाची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली आहे.

"आता पऱ्हाट्यांना सोन्याचा भाव"

खानदेशात हा प्रश्न यायचाच. कापूस वेचून झाला की शेतात पऱ्हाट्या उभ्या राहतात, केळी कापली की खांब पडून राहतात. त्यांच्यापासून शोषक कार्बन होऊ शकतो, यात शंका नाही. अडचण सारखेपणाची आहे. एकाच वेलाची दोन गिलकी सारखी नसतात. पोकळ्या वेगळ्या तर लहरीला लागणारा उतार वेगळा, आणि चाचणी दालनाच्या भिंतीला प्रत्येक सुळका मोजून सारखा हवा असतो. त्यामुळे अनेक संशोधक गिलक्याचा, मधाच्या पोळ्याचा आकार घेतात आणि तो त्रिमितीय मुद्रणयंत्रावर कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकमध्ये छापतात. झाडाकडून नकाशा घ्यायचा, माल कारखान्याचा. शिवाय अशी दालनं देशात असून असून किती असणार, आणि एका जामनेर तालुक्यात पऱ्हाट्या किती. त्या पऱ्हाट्या तूर्त चुलीतच जातील, आणि काही शेतात कुट्टी होऊन मातीत.