सड्यावर चकवा कुणाला लागतो?

श्रोतेहो, मंडणगड तालुक्यातला सडा भर श्रावणात ज्यानं तुडवला आहे, त्याला वेगळं सांगायला नको. जांभ्या दगडाचं सपाट रान, वर धुकं उतरलेलं, पायवाट गवतात बुडालेली. अशातही एखादा गडी नेमका आपल्या वाडीच्या घाटीला येऊन लागतो. त्याचाच पाठचा भाऊ मात्र तासभर फिरून पुन्हा निघाल्या जागी उभा! घरी आल्यावर म्हणतो, चकवा लागला.

त्याचं हे फिरून तिथंच येणं खोटं नव्हे. 2009 साली जर्मनीतल्या संशोधकांनी काही माणसांना दाट जंगलात आणि सहाराच्या वाळवंटात सरळ चालायला सांगितलं. सूर्य किंवा चंद्र दिसत होता तोवर ती बरीचशी सरळ गेली. तो झाकला गेला की नकळत गोल फिरू लागली. खूण हरवली की पाय कुणाचेही फसतात. पण मग दोघा भावांत फरक का?

दोन्ही कानांच्या आतल्या अंगाला, मेंदूत खोलवर, एकेक वाकडा अवयव आहे. समुद्रघोड्यासारखा दिसतो म्हणून त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. 1971 साली जॉन ओकीफ यांना उंदराच्या या भागात अशा पेशी आढळल्या, की उंदीर एका ठराविक जागी आला म्हणजेच त्या जाग्या होतात. 2005 मध्ये मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांना शेजारच्या भागात, जणू जमिनीवर चौकटी आखून अंतर मोजणाऱ्या पेशी सापडल्या. तिघांना 2014 चं नोबेल मिळालं.

मग ज्याचा हिप्पोकॅम्पस मोठा, तो वाटेला पक्का? लंडनच्या टॅक्सीवाल्यांना परवान्यासाठी सुमारे 25,000 रस्ते पाठ करावे लागतात. 2000 साली एलेनॉर मॅग्वायर यांनी अशा 16 जणांचे मेंदू तपासले. त्या अवयवाचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा निघाला, आणि पुढचा लहान! पुढं 2011 मध्ये असं दिसलं, की शिकाऊ असताना सगळे सारखेच होते. वाढ झाली ती अभ्यास करून परीक्षेत उतरलेल्यांत. उलट, 2019 साली अमेरिकेत 90 साध्या तरुणांची तपासणी झाली, तेव्हा आकाराचा आणि वाट सापडण्याचा काही संबंध लागला नाही. मोठं डोकं म्हणजे मोठी अक्कल, हा आपला जुना खुळा हिशेब इथंही चालत नाही, हे बरंच झालं.

2022 साली 38 देशांतल्या जवळजवळ चार लाख लोकांना फोनवरच्या एका खेळात वाट शोधायला लावली. सरासरीनं, शहराबाहेर वाढलेली माणसं त्यात सरस ठरली. सरळ चौकोनी रस्त्यांच्या शहरात वाढलेली अधिक अडखळली. आपल्या वाकड्यातिकड्या पाणंदी, वहाळ, घाट्या पोरांना फुकट शिकवतात ते हेच. गुरुजींनी चुकणाऱ्या मुलाला ठोंब म्हणू नये. सहलीत त्याला रांगेच्या शेवटी ठेवण्यापेक्षा वाटाड्या करून पुढं घालावं, असं माझं मत आहे.

एक चकवा मात्र वेगळा. जन्मभर त्याच वाटेनं गेलेले आजोबा अलीकडं वरचेवर वाट चुकू लागले, तर ते नुसतं वय म्हणून सोडून देऊ नये. अल्झायमरचा आजार पुष्कळदा या हिप्पोकॅम्पसच्याच आसपास सुरू होतो. अशा वेळी नारळ ठेवून थांबू नका, त्यांना डॉक्टरांकडे न्या. आणि तोवर सड्यावर एकटं सोडू नका.