जाधव किती आणि खेळाडू किती?

वर्गात हजेरी चालू असताना तुम्ही कधी आडनावं मोजली आहेत का? नाशिकमधल्या कुठल्याही शाळेत जा, सिडकोतल्या, पंचवटीतल्या नाहीतर देवळालीतल्या; एका तुकडीत एखाद-दोन जाधव बहुतेक सापडतातच. पवार, शिंदे, गायकवाड, आहेर हेही असतात. पण आज आपल्याला जाधवच हवेत, कारण या आडनावाच्या खेळाडूंची गोष्ट फार मजेदार आहे आणि तिच्यात एक छान कोडंही दडलेलं आहे.

गोष्ट सुरू होते २३ जुलै १९५२ ला, फिनलंडमधल्या हेलसिंकीत. तिथे ऑलिंपिक चालू होतं. कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा दादासाहेब जाधव यांनी त्या दिवशी ५७ किलो वजनगटात कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी आपल्याला चव्वेचाळीस वर्षं थांबावं लागलं. १९९६ मध्ये लिअँडर पेसने टेनिसमध्ये ते मिळवलं. आता बघा, खाशाबांचं पदक किती मोठं होतं!

आणि दुसऱ्याच दिवशी, २४ जुलैला, त्याच गावात आणखी एक नवल घडलं. चेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक याने ५००० मीटरची शर्यत जिंकली. त्यानंतर थोड्याच वेळात त्याची बायको दाना मैदानात उतरली, तिने ५०.४७ मीटर लांब भाला फेकला आणि तिलाही सुवर्णपदक मिळालं! एका घरात एका दिवशी दोन सुवर्णपदकं. एमिलने त्याआधीच १०,००० मीटरची शर्यत जिंकली होती, आणि तीन दिवसांनी तो मॅरेथॉनही जिंकला. बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन तो आयुष्यात पहिल्यांदाच धावत होता.

दानाचं आडनाव मात्र झाटोपेक नाही, झाटोपकोव्हा. चेक भाषेत बाईच्या आडनावाला बहुतेक वेळा ‘ओव्हा’ लागतं. म्हणून टेनिसमधली मार्टिना नवरातिलोव्हा, पेट्रा क्विटोव्हा. आणि या नवरा-बायकोचं अजून एक आश्चर्य ऐका: दोघांचा जन्म एकाच दिवशी झाला, १९ सप्टेंबर १९२२ ला. तारीख एक, वर्षही एक!

झाटोपेक पती-पत्नीचं आडनाव एक होतं ते लग्नामुळे. पण आपल्या जाधवांचं काय? खाशाबांनंतर यादीत कोण कोण येतं पाहा. नाशिकची संजीवनी जाधव लांब पल्ल्याची धावपटू. २०१७ मध्ये भुवनेश्वरच्या आशियाई स्पर्धेत तिने ५००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं आणि त्याच वर्षी तैपेईतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये रौप्य. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव तिरंदाज. त्याच्या संघाने २०१९ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक जिंकलं आणि पुढे तो टोकियो ऑलिंपिकला गेला. पुण्याचा केदार जाधव क्रिकेटपटू. त्याने गहुंज्याच्या मैदानावर इंग्लंडविरुद्ध ७६ चेंडूंत १२० धावा कुटल्या होत्या.

कुस्ती, धावणं, तिरंदाजी, क्रिकेट. मग जाधवांच्या रक्तातच खेळ आहे की काय?

हे उत्तर मोहात पाडणारं आहे, म्हणूनच ते तपासायला हवं. असा दावा ऐकला की शास्त्रज्ञ आधी एक प्रश्न विचारतात: एकूण किती? जाधव खेळाडू चार सापडले, ठीक आहे. पण एकूण जाधव किती? महाराष्ट्रातल्या अनेक जिल्ह्यांत आणि अनेक समाजांत हे आडनाव आहे. माणसं इतकी असली की त्यांत शिक्षक सापडतील, डॉक्टर सापडतील, कवी सापडतील आणि ऑलिंपिकवीरही सापडतील. एखाद्या दुर्मीळ आडनावाची पाचच घरं असतील आणि त्यांतून चार ऑलिंपिक खेळाडू निघाले, तर मात्र मी लगेच वही-पेन घेऊन त्यांच्या गावाला जाईन.

आडनाव एक, घराणी अनेक, ही गोष्ट आपल्या नाशिककरांना जुनी आहे. रामकुंडावर येणाऱ्या यात्रेकरूंच्या घराण्यांच्या नोंदी तिथले तीर्थपुरोहित पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत लिहून ठेवतात. त्या वह्यांना नामावळी म्हणतात. तिथे जाऊन नुसतं “आम्ही जाधव” म्हणा बरं! गुरुजी लगेच विचारतील, “गाव कुठलं?” कारण एकट्या आडनावावरून घराणं लागत नाही. गोळेश्वरचे जाधव वेगळे, सरड्याचे वेगळे. आडनाव एक म्हणून ते एकमेकांचे भाऊबंद असतीलच असं नाही.

बरं, समजा एखाद्या जाधव कुटुंबात खरंच एक ताकदवान पूर्वज होऊन गेला. त्याची ताकद आडनावाबरोबर खाली येईल का? आता कागद घ्या. तुमचे आई-बाबा दोन. आजी-आजोबा, दोन्हीकडचे मिळून, चार. पणजी-पणजोबा आठ. असं दुप्पट करत दहा पिढ्या मागे गेलात की कागदावर १०२४ जागा तयार होतात. (नात्यात लग्नं झाली असतील तर एकच माणूस दोन-तीन जागांवर बसतो, ते सोडून द्या.) बाबांचं आडनाव लावत आलो असू, तर ते या १०२४ पैकी फक्त एका जागेवरून येतं. उरलेल्या १०२३ जागांवरची आडनावं गळून पडली, पण त्या माणसांचा वारसा काही गळून पडला नाही. तुमची उंची, आवाज, फुप्फुसं घडवणारी जनुकं त्या सगळ्या गर्दीतून निवडली जात खाली आली आहेत.

याचं सगळ्यात ओळखीचं उदाहरण देऊ? शिवाजी महाराज भोसले. पण त्यांच्या आईचे वडील कोण? सिंदखेडचे लखुजी जाधव! महाराजांच्या आडनावात जाधव कुठे दिसत नाही, पण जिजाऊंकडून आलेला वारसा तर अर्धा होता.

आडनावासारखी सरळ बापाकडून मुलाकडे जाणारी एक गोष्ट शरीरातही असते. तिचं नाव वाय गुणसूत्र. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात, त्यांतलं हे एक, आणि आकाराने अगदी छोटं. ते मुलींमध्ये नसतंच. म्हणजे संजीवनी आणि खाशाबा यांना जोडणारा असा काही धागा शोधायला गेलात तर तो इथेही मिळणार नाही.

मग हे चौघे घडले कसे? चौघांचीही गोष्ट सांगायला जागा नाही, पण दोन-तीन सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. खाशाबांचे वडील स्वतः पैलवान होते, त्यामुळे लहानपणापासून घरात कुस्तीच होती. हेलसिंकीला जायला पैसे मात्र नव्हते. तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. एका विद्यार्थ्यासाठी, स्वतःचं घर! प्रवीणचे आई-वडील मजुरी करायचे. त्याच्यातला खेळाडू ओळखला तो गावातल्या जिल्हा परिषद शाळेच्या शिक्षकांनी, आणि पुढे राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत त्याच्या हातात धनुष्य आलं. संजीवनी धावायला शिकली ती नाशिकमध्ये, प्रशिक्षक विजेंदर सिंग यांच्याकडे. सावरपाड्याची कविता राऊतही त्यांचीच शिष्या. कविताने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत त्याच अंतराचं रौप्य जिंकलं. बघा, या दोघींची आडनावं वेगळी, पण गुरू एक आणि सरावाचं गाव एक. खेळाडूंच्या यादीत मला आडनावाच्या रकान्यापेक्षा हा रकाना जास्त महत्त्वाचा वाटतो.

आता एक योगायोग. खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. आणि केदारची ती १२० धावांची खेळी? १५ जानेवारी २०१७! अंगावर काटा आला ना? पण ‘एकूण किती’ इथेही विचारा. प्रत्येक खेळाडूच्या कितीतरी तारखा असतात: जन्माची, पहिल्या सामन्याची, पदकाची, शतकाची. इतक्या तारखा एकत्र केल्या की दोन कुठेतरी जुळतातच. वर्गात फक्त २३ मुलं असली तरी त्यांतल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. ५० मुलं असली तर ती ९७ टक्के होते. उद्या वर्गात करूनच पाहा.

एक प्रश्न राहिला: काही आडनावं इतकी पसरतात कशी आणि काही नाहीशी का होतात? इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांना हाच प्रश्न पडला होता. गणिती हेन्री वॉटसन यांच्याबरोबर त्यांनी १८७४ मध्ये त्यावर लेख लिहिला. त्यांचं गणित अवघड आहे, पण तुम्हाला ते फाशांनी खेळता येईल.

तीस चिठ्ठ्यांवर तीस वेगवेगळी आडनावं लिहा. प्रत्येक चिठ्ठीसाठी एकदा फासा टाका. एक किंवा दोन पडलं, तर आडनाव पुढे नेणारं मूल नाही; चिठ्ठी बाद. तीन किंवा चार पडलं तर एक मूल. चिठ्ठी तशीच राहील. पाच किंवा सहा पडलं तर दोन मुलं. त्याच आडनावाची आणखी एक चिठ्ठी घाला. झाली एक पिढी. पुढच्या पिढीला जेवढ्या चिठ्ठ्या असतील तेवढ्यांदा फासा टाका.

चिठ्ठ्यांची एकूण संख्या तिसाच्या आगेमागेच राहते, पण पाच पिढ्यांनंतर आडनावं मोजाल तर साधारण दहाच उरलेली दिसतील, आणि एखाद्या आडनावाच्या सहा-सात चिठ्ठ्या झालेल्या असतील. कुठलं आडनाव उरलं ते लिहून ठेवा आणि खेळ पहिल्यापासून पुन्हा मांडा. या वेळी भलतंच आडनाव पुढे निघेल.