उवा झाल्यात? लाजू नका, घड्याळ लावा!

लेक्चर चालू आहे आणि तुमचं एक बोट सारखं कानामागे जातंय. कुणी बघत नाही ना, याची खात्री करून तुम्ही हळूच खाजवता. घाम असेल, कोंडा असेल, इथलं पाणी मानवत नसेल... कारणं खूप सुचतात. 'उवा' हा शब्द मात्र मनातल्या मनातही येऊ देत नाही. त्या शाळेतल्या पोरींना होतात ना!

माझंही असंच झालं. फर्स्ट इयरला औरंगपुऱ्याजवळ कॉट बेसिसवर राहायचे. खोलीत चौघी, आरसा एक, आणि कंगवा हाताला लागेल तो. उवा झाल्यात हे कळलं तरी कुणाला सांगितलं नाही. मेडिकलमधून लोशन आणलं, पण आतली माहितीची चिठ्ठी उघडलीच नाही. 'जास्त वेळ ठेवलं की सगळ्या मरतील' म्हणून रात्रभर लावून, वर स्कार्फ बांधून झोपले. सकाळी टाळू लालभडक, डोळ्यांची आग. आणि दीड आठवड्यानं उवा पुन्हा हजर!

चूक औषधाची नव्हती, माझ्या लपवाछपवीची होती.

उवांसाठी सहसा मिळतं ते एक टक्का परमेथ्रिनचं लोशन. शेवंतीच्या कुळातल्या एका फुलात कीटकांना मारणारं द्रव्य असतं, त्याचीच ही कारखान्यात केलेली नक्कल. ते उवा मारतं, पण लिखा म्हणजे अंडी सगळी मरत नाहीत. उरलेल्या लिखा आठ-नऊ दिवसांत फुटतात. म्हणून रात्रभर ठेवून उपयोग शून्य. खरा उपयोग नवव्या दिवशी पुन्हा लावण्याचा.

मग करायचं काय? आधी साध्या शाम्पूनं केस धुवा. कंडिशनर नको. टॉवेलनं टिपून घ्या, केस दमट राहू द्या. लोशन मुळांशी, विशेषतः कानामागे आणि मानेवर नीट लावा. डोळ्यांवर कोरडा टॉवेल धरा. मोबाइलवर दहा मिनिटांचा टायमर लावा आणि तो वाजला की धुऊन टाका. शॉवरखाली उभं राहू नका, बेसिनवर वाकून धुवा, म्हणजे औषध अंगभर उतरत नाही. पुढचे एक-दोन दिवस शाम्पू नको. तुमच्या बाटलीवर वेळ वेगळी लिहिली असेल, तर तीच पाळा.

त्यानंतर फणी! बारीक दातांची, आजीच्या डब्यात असायची तीच. दर दोन-तीन दिवसांनी, दोन-तीन आठवडे. २०२२ मध्ये इस्रायलमधल्या संशोधकांनी सुमारे ३७०० वर्षांपूर्वीच्या एका हस्तिदंती फणीवरचा मजकूर वाचला. त्यात केसांतल्या उवा जाव्यात अशी इच्छा कोरलेली होती. म्हणजे बघा, हे दुखणं किती जुनं आहे ते!

एकाच नावाच्या औषधाची ताकद वेगवेगळी असते, हेही लक्षात ठेवा. पाच टक्के परमेथ्रिनचं क्रीम खरजेसाठी असतं, ते डोक्याला चोपडू नका. गरोदर असाल, बाळाला अंगावर पाजत असाल, टाळूवर जखम असेल किंवा शेवंतीसारख्या फुलांची अ‍ॅलर्जी असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. दोनदा लावूनही उवा जिवंत दिसल्या तर तिसरी बाटली आणू नका. त्वचारोगाची ओपीडी आपल्या घाटीतही आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मराठवाड्यात जिथं कपाशी, तिथं फवारणीच्या औषधाची बाटली. 'ते थोडं लावलं की उवा साफ' असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. मलाही एकीनं सांगितलं होतं. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. हे विष श्वासातून जातं तसं कातडीतूनही भिनतं, आणि खाजवून ओरबाडलेल्या टाळूतून तर आणखी लवकर. रॉकेल आणि झुरळांचा स्प्रेसुद्धा याच यादीत. लाजेपोटी असला शॉर्टकट घेऊ नका, जिवावर बेतेल.

आणि हो, उवा उडत नाहीत, उड्याही मारत नाहीत. डोक्याला डोकं लागलं की चालत जातात. एका मोबाइलवर चौघींनी रील बघितलं तरी पुरे! डोकं स्वच्छ असो की नसो, त्यांना फरक पडत नाही. डोक्यावरून खाली पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. त्यामुळे खोलीभर औषध मारायची गरज नाही. उशीचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुतले, कंगवे वेगळे केले की झालं.

शेवटी मी रूममेट्सना सांगितलं. दोन मिनिटं शांतता. मग एक म्हणाली, "अगं, मलापण खाजतंय, पंधरा दिवस झाले!" त्या रविवारी गच्चीवर आम्ही ओळीनं बसून एकमेकींची डोकी बघितली. ज्यांच्या डोक्यात उवा सापडल्या, त्यांनी एकाच दिवशी लोशन लावलं आणि नववा दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केला.

तुमच्या खोलीतही कुणीतरी गप्पच असेल. आज तुम्हीच आधी बोला.