संगणकीय ज्ञानसंपादन

संगणकीय ज्ञानसंपादन : मनुष्यांनी परस्परांसाठी लिहिलेला मजकूर वाचून त्यातील तथ्ये संगणकाने स्वतः वेचणे व ती सुसंगत रीतीने साठविणे, या प्रक्रियेस संगणकीय ज्ञानसंपादन म्हणतात.

व्यवहारज्ञान संगणकास हाताने पुरविण्याचा मोठा प्रयत्न अमेरिकेत डग्लस लेनट यांनी १९८४ मध्ये ‘साइक’ प्रकल्पाद्वारे आरंभिला. प्रत्येक तथ्य तज्ञांनी लिहून देण्याचे हे काम अतिशय कष्टाचे ठरले. मार्टी हर्स्ट यांनी १९९२ मध्ये दाखविले की, ‘आंबा, केळी यांसारखी फळे’ अशा धर्तीच्या वाक्यबंधांवरून कोणती वस्तू कोणत्या वर्गातील, हे यंत्रास ओळखता येते. १९९८ मध्ये सर्गे ब्रिन यांनी केवळ पाच ग्रंथांची व त्यांच्या लेखकांची नावे देऊन वेबवरील पृष्ठांतून सु. १५,००० ग्रंथांच्या नोंदी मिळविल्या. ज्ञात जोड्यांवरून वाक्यबंध व वाक्यबंधांवरून नव्या जोड्या, असे हे चक्र असते.

या चक्रातच त्याचा मुख्य दोष आहे. ‘तो पुण्यामध्ये राहतो’ यावरून शहर ओळखणारे यंत्र ‘तो वसतिगृहामध्ये राहतो’ यावरून वसतिगृहासही शहर मानते. मग वसतिगृहासंबंधीचे वाक्यबंध शहराची लक्षणे ठरतात आणि चुकीतून चूक वाढत जाते. यास अर्थच्युती म्हणता येईल.

पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल व सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये सुरू केलेल्या ‘नेल’ या प्रणालीत यावर परस्परनियंत्रणाचा उपाय योजला होता. तीत अनेक वर्ग व संबंध एकाच वेळी शिकविले जात. शहर ही व्यक्ती असू शकत नाही. मुख्यालयाच्या संबंधात एका बाजूस संस्था व दुसऱ्या बाजूस स्थळच हवे. असे निर्बंध प्रत्येक नव्या विधानास लागू होत. शिवाय वाक्यबंध, पृष्ठांवरील याद्या व तक्ते, तसेच शब्दांची घडण यांची साक्ष स्वतंत्रपणे तपासली जाई. पहिल्या ६७ दिवसांत प्रणालीने सु. २,४२,००० विधाने जमविली; त्यांपैकी सु. ७४ टक्के बरोबर असल्याचा अंदाज होता.

तरीही चुका टळल्या नाहीत. संकेतस्थळे संगणकात ठेवत असलेल्या ‘कुकी’ नामक नोंदींना प्रणालीने भट्टीत भाजलेल्या खाद्यपदार्थांत गणले. या नोंदींप्रमाणेच संगणकातील फायलीही ‘पुसल्या’ जातात. म्हणून त्याही खाद्यपदार्थ ठरल्या. ही चूक अखेर माणसांना दुरुस्त करावी लागली.

अलीकडील विशाल भाषा-प्रतिमानेही वाचनातूनच घडतात. मात्र त्यांत तथ्ये सुट्या विधानांच्या रूपाने साठविलेली नसल्यामुळे एखाद्या उत्तराचा आधार शोधणे व चूक नेमकी काढून टाकणे अधिक कठीण असते. वारंवार आढळणारे विधान सत्य असतेच असे नाही आणि ज्या भाषेत लिखित मजकूर थोडा, तिच्यातील ज्ञान यंत्रास अल्पच मिळते. या दोन मर्यादांमुळे वाचलेल्या मजकुराची पारख हा या प्रक्रियेतील निर्णायक भाग होय.