तीन हेक्टरचा गाजावाजा, दराचा विसर

ऑक्टोबर 2025 मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी अतिवृष्टीग्रस्तांसाठी 31,628 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. नुकसान झाले होते सुमारे 68 लाख हेक्टरवर. भागाकार केला की हेक्टरी साडेसेहेचाळीस हजार येतात, आणि तो कुणी पारावर करून दाखवला तर त्यावर विसंबू नये. त्या रकमेत रस्ते-पुलांची दुरुस्ती, विम्यातून मिळू शकणारे पैसे, जनावरे, घरे, विहिरी असे सगळे धरलेले होते. जिरायत पिकाच्या वाट्याला हेक्टरी 18,500 आले: राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषाचे 8,500 आणि रब्बीच्या तयारीसाठी वरचे 10,000.

बातम्यांत मात्र गाजली ती क्षेत्राची मर्यादा. केंद्राच्या निकषात दोन हेक्टरपर्यंतच मदत मिळते, राज्याने ती तीनपर्यंत नेली. पण 2015-16 च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातले सुमारे 80 टक्के खातेदार दोन हेक्टरांच्या आतलेच आहेत आणि सरासरी जमीनधारणा 1.34 हेक्टर आहे. ज्याच्याकडे दोन हेक्टरच नाहीत, त्याला तिसऱ्याचे काय कौतुक? त्याचे नशीब दरावर ठरते.

आणि दर खाली-वर होत राहिला. जानेवारी 2024 च्या शासन निर्णयाने जिरायतीला 13,600 रुपये दिले, मर्यादा तीन हेक्टर. मे 2025 मध्ये गाडी पुन्हा 8,500 आणि दोन हेक्टरवर आली. 1.34 हेक्टर जिरायत पूर्ण बुडालेल्या शेतकऱ्याला पहिल्या हिशेबाने 18,224 रुपये मिळतात, दुसऱ्याने 11,390. हा सात हजारांच्या आसपासचा फटका निव्वळ दराचा आहे, मर्यादेचा त्यात एक रुपयाही नाही. ऑक्टोबरच्या पॅकेजने हाच आकडा 24,790 वर गेला, पण त्यासाठी आधी शेते वाहून जावी लागली, मग ओरड व्हावी लागली.

8,500 म्हणजे नेमके किती? 2025-26 चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये होता आणि तो ठरवताना उत्पादन खर्च क्विंटलला 3,552 धरला होता. हेक्टरी दहा क्विंटलांचा हिशेब केला तर खर्च 35,520 होतो. मदत त्याच्या चौथाईलाही पुरत नाही. कागदोपत्री ही भरपाई नव्हेच, पुढच्या पेरणीला हातभार आहे, हे मान्य. पण 2022-23 मध्ये सोयाबीनचा हमीभाव 4,300 होता. तो 24 टक्क्यांनी वाढला, आणि केंद्राच्या निकषातला, 2022 मध्ये ठरलेला 8,500 चा दर 2025-26 पर्यंत तसाच राहिला. तेवढीच वाढ दिली असती तर तो साडेदहा हजारांवर गेला असता.

मदतीसाठी किमान 33 टक्के नुकसानाची अटही अशीच खटकणारी आहे. नुकसान 32 टक्के लिहिले गेले तर हाती शून्य, 33 आणि 90 ला मात्र सारखाच दर. त्यामुळे तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक बांधावर येतील तेव्हा स्वतः हजर राहा आणि पंचनाम्यात टक्केवारी किती भरली ते तिथेच वाचून घ्या. हमीभाव दरवर्षी खर्च पाहून ठरतो, तसाच मदतीचा दरही ठरला पाहिजे, ही मागणी मात्र पूर येण्याआधीच व्हायला हवी.