जर्मन नावाचे देशी झुरळ

झुरळाच्या नावावर जाऊ नये. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या इमारतींत मोरीच्या जाळीतून वर येणारे दीड इंची, तांबूस झुरळ शास्त्राच्या दफ्तरी 'अमेरिकन' आहे. प्रत्यक्षात ते मूळचे आफ्रिकेचे. जहाजांतून जगभर पसरले. आपल्याकडचा खरा परदेशी पाहुणा तो.

शेगडीखाली आणि फ्रिजच्या रबरात दडणारे, डोक्यामागे दोन काळ्या रेघा असलेले छोटे झुरळ 'जर्मन' म्हणवते. लिनियसने १७६७ साली हे नाव दिले. मात्र २०२४ मध्ये संशोधकांनी १७ देशांतल्या २८१ झुरळांची जनुके ताडून पाहिली, तेव्हा वेगळेच कुळ निघाले. सुमारे २१०० वर्षांपूर्वी, भारतात किंवा म्यानमारमध्ये, उघड्यावर राहणाऱ्या आशियाई झुरळापासून ते वेगळे झाले. पुढे पश्चिम आशियात पोहोचले, आणि युरोपात जेमतेम २७० वर्षांपूर्वी. आपल्याच आळीतल्या मुलाने परक्याचे आडनाव लावून हिंडावे, तसा हा प्रकार!

गृहिणीला या वंशावळीचे काय, असे कोणी विचारील. मला वाटते, दोघांची ओळख पटली तरच उपाय लागू पडतो. गटारातल्या 'अमेरिकन'ची मादी पंधराएक अंड्यांची डबी कोपऱ्यात चिकटवून निघून जाते. त्याला मोरीची घट्ट जाळी पुरते. 'जर्मन' मादी मात्र तीस-चाळीस अंडी पिल्ले फुटायच्या बेतापर्यंत अंगाशी बाळगते. जुन्या फ्रिजमधून किंवा किराण्याच्या खोक्यातून अशी एकच आली, तरी काही महिन्यांत घर भरते. औषधालाही ही जात सरावते. गोड आमिषातून विष घालू लागले, तर ग्लुकोजच नाकारणारी झुरळे निपजली. १९९३ मध्ये शास्त्रज्ञांनी ती नोंदवली.

विषय केवळ किळसेचा नाही. झुरळांची विष्ठा आणि टाकलेली कात यांनी मुलांचा दमा बळावतो. म्हणून फवाऱ्यापेक्षा मी फडक्यावर अधिक भरवसा ठेवतो. झुरळ उपाशी महिनाभर तगते, पाण्यावाचून मात्र फार दिवस नाही. रात्री ओटा आणि सिंक कोरडे करा, गळका नळ दुरुस्त करा, फटी बुजवा.

आणि सगळ्याच जातीवर राग नको. जगातल्या साडेचार हजारांवर जातींपैकी जेमतेम तीसेक माणसाच्या वस्तीला येतात. बाकीच्या येऊरसारख्या जंगलांत पाचोळा खाऊन त्याची माती करतात, आणि आपल्या वाटेलाही जात नाहीत.