डोंगरावरचे रान जाणार कुठे?

श्रोतेहो, ठाण्याहून घोडबंदर रस्त्याने निघालात की मानपाडा, कासारवडवली, गायमुख अशी ठिकाणे एकामागून एक मागे पडतात. उजव्या हाताला, थोड्या अंतरावर, खाडी. डाव्या हाताला येऊरचा डोंगर. हल्ली तो उंच इमारतींच्या फटींतून तुकड्यातुकड्यानेच दिसतो. तरी श्रावणात ढग खाली उतरले म्हणजे मनात येते, काय रान माजलंय! या रानाला कसली आली आहे भीती? शंका रास्त आहे. तिचे उत्तर शोधण्यासाठी आधी तुम्हांला जरा दूरच्या डोंगरावर नेतो.

आपल्या घरात खोकल्यावर तालीसादि चूर्ण देतात. त्यातले तालीसपत्र म्हणजे हिमालयात उंचावर वाढणाऱ्या एका सूचिपर्णी झाडाची पाने. या कुळातल्या झाडांना फर म्हणतात, आणि स्प्रूस हा त्यांचा नेहमीचा सोबती. दोघांनाही थंडी हवी, धुके हवे, ओल हवी. डोंगर चढू लागलो की दर हजार मीटरला हवा सुमारे ६ अंशांनी थंड होते. म्हणजे डोंगर हा एक जिनाच म्हणा ना! ज्याला जी हवा मानवते, त्याने त्या पायरीवर घर करावे.

अमेरिकेच्या आग्नेय भागात अ‍ॅपलाचियन नावाचे जुने डोंगर आहेत. हिमयुगात तिथले फर-स्प्रूसचे रान सखल भागापर्यंत पसरलेले होते. पुढे हवा तापत गेली, तसे ते पायरी पायरीने वर सरकले आणि शेवटी माथ्यांवर जाऊन बसले. आता वर फक्त आभाळ. समुद्रात बेटे असावीत तसे हे रान शिखराशिखरांवर सुटे पडले आहे.

अशा बेटावर संकट आले म्हणजे काय होते, ते माउंट मिचेल या २,०३७ मीटर उंचीच्या शिखरावर दिसले. १९५७ साली तिथे युरोपातून आलेला एक कीटक आढळला. आकाराने मिलिमीटरहूनही लहान. तो सालीत सोंड खुपसतो, त्यामुळे झाडाला पाणी वर चढवता येईनासे होते आणि उभे झाड काही वर्षांत वाळते. त्या डोंगरांवरची बहुतेक मोठी फर झाडे अशी गेली. झाडे गेली तशी सावली गेली, सावली गेली तसे दगडांवरचे शेवाळ सुकले. त्या ओल्या शेवाळातच राहणारा तीन-चार मिलिमीटरचा एक कोळी १९९५ साली संकटग्रस्त जातींच्या यादीत घालावा लागला. तिकडे स्प्रूसला कारखान्यांच्या धुराने होणाऱ्या आम्ल पावसाने जेरीस आणले होते. पण १९९० नंतर कायद्याने धुराला आवर घातला आणि स्प्रूस पुन्हा वाढीला लागला. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आता घरी परत येऊ. येऊरला फर नाही, स्प्रूस नाही. हे पानझडीचे रान. साग, ऐन, कुसुंब, पांगारा, काटेसावर ही इथली मंडळी; ओढ्याकाठी जांभूळ नि करंज, उतारावर कारवी. आपला जिना तर अगदीच बुटका. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा सर्वांत उंच माथाही पाचशे मीटरला पोचत नाही. हवा आणखी तापली, तर इथल्या झाडांना चढायला वर पायऱ्याच नाहीत. मग उरते ती आडवी वाट, या डोंगरावरून त्या डोंगरावर जाण्याची.

कुणी म्हणेल, झाडे काय चालतात? झाड चालत नाही, त्याचे बी चालते. पाखरांच्या पोटातून, वटवाघळांच्या तोंडातून, वाऱ्यावरून चालते. उत्तरेला वसईच्या खाडीपलीकडे याच उद्यानाचा नागला हा तुकडा आहे आणि त्याला लागून तुंगारेश्वर, जे २००३ साली अभयारण्य झाले. येऊरच्या रानाचे हेच शेजारी. पण मध्ये खाडी आहे, आणि खाडीच्या अलीकडे रात्रंदिवस वाहणारा घोडबंदर रस्ता. तो ओलांडताना वाहनाखाली बिबटे मेले आहेत. बिबट्याला जी वाट बंद होते, ती इतर अनेक जिवांनाही बंद होते. बाकीच्या बाजूंना शहर आहेच. म्हणजे सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे रानही आता बेटच झाले.

बेटाला छोट्या जखमाही मोठ्या होतात. उन्हाळ्यात वाळल्या गवताला वणवा लागला की मोठे झाड तगते, पण खालची रोपे जळतात. मोकळ्या झालेल्या जागी घाणेरी घुसते. उतार उघडा पडला की पाऊस मुरत नाही, माती घेऊन थेट खाली धावतो. आणि खाली कोण आहे? आपणच! मुंबईला पाणी देणारे विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलावही याच रानाच्या कुशीत आहेत.

उपाय नाहीत असे नाही. वनातली अतिक्रमणे हटवण्याचा आदेश उच्च न्यायालयाने १९९७ साली दिला. उद्यानाभोवतीचा पट्टा २०१६ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. या रेषा पाळल्या गेल्या, उन्हाळ्यात वणवा आवरला, रस्त्याखालून-वरून जनावरांना वाट ठेवली, तर रान आपले आपण सावरते. स्प्रूसने ते दाखवून दिले आहे.

कारवी आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी टाकून मरते. २०१६ साली ती इथे फुलली, मग २०२४ साली. त्या बियांची रोपे आज येऊरच्या उतारावर उभी आहेत. त्यांची पाळी २०३२ साली. तोवर तो उतार त्यांच्यासाठी राखणे, एवढेच आपल्याकडे मागणे आहे.